घानातल्या बायका आणि स्तनाचा कर्करोग: होण्याचा धोका कमी, मरण्याचा जास्त, असं का?

मोहरी

मध्यंतरी घानाच्या राजधानीत, अक्रात, आमच्या मराठी गटगमध्ये एकीने विचारलं, "इथल्या बायकांना चार-चार मुलं, प्रत्येकाला दीड वर्ष अंगावर पाजतात, दिवसभर डोक्यावर परात घेऊन उन्हातान्हात चालतात. मग यांना कशाला होतोय हा कॅन्सर?" मी फार्मसीवाली, औषधं आयात करणाऱ्या कंपनीत काम करते. स्थानिक सहकारिणींबरोबर तपासणी शिबिरांना जाणं होतं, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा जमेल तसं बोलले. इथे जरा सविस्तर लिहिते. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

आधी आकडे. जागतिक कर्करोग नोंदींचे २०२० चे अंदाज पाहा. वयाचा फरक काढून टाकल्यावर पश्चिम आफ्रिकेत दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ४१.५ जणींना स्तनाचा कर्करोग होतो, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ९५.५ जणींना. मृत्यूचा दर मात्र पश्चिम आफ्रिकेत २२.३ आणि तिकडे १२.१. म्हणजे होण्याचा धोका निम्म्याहून कमी आणि त्याने मरण्याचा जवळपास दुप्पट. एकट्या घानात त्या वर्षी सुमारे साडेचार हजार नवीन रुग्ण आणि दोन हजारांवर मृत्यू धरले होते.

माझ्या मते सगळा घोळ इथे होतो. 'धोक्याचे घटक' म्हटलं की आपण पहिल्या आकड्याबद्दल बोलतो आणि माणसं दुसऱ्या आकड्याने जातात. इथे भिंतींवर, विजेच्या खांबांवर शोकसभेची मोठमोठी रंगीत पोस्टरं लागतात. फोटो, नाव, वय, खाली नातेवाइकांची लांबलचक यादी. बाईचं वय ४३, ४८, ५१ असलं की माझी सहकारीण पुटपुटते, "ब्रेस्ट, बहुतेक." पोस्टरवर कारण लिहिलेलं नसतं आणि तिचा अंदाज दर वेळी खरा असेल असंही नाही. पण तिला तो सुचतो, यातच काय ते आलं.

आता मूळ प्रश्न. मुलं आणि अंगावरचं दूध यांनी संरक्षण मिळतं, हे खरंच आहे. ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली निघालेला निष्कर्ष असा: प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो आणि एकूण पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. चार मुलांना दीड-दीड वर्ष म्हणजे सहा वर्षं पाजणं झालं. त्या हिशेबाने नुसत्या पाजण्यानेच धोका पाव भागाच्या आसपास उतरतो. पण उतरतो म्हणजे शून्य होत नाही, आणि शिबिरात नेमकी हीच समजूत भेटते: "मला पाच लेकरं आहेत, मला नाही व्हायचा."

शिवाय चित्र बदलतंय. १९८८ च्या पाहणीत घानातल्या बाईला सरासरी ६.४ मुलं होत होती, २०२२ मध्ये ३.९. अक्रा-कुमासी या मोठ्या शहरांत त्याहून कमी. पहिलं मूल उशिरा, पाळी लवकर सुरू, आणि वजन! १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत जास्त वजनाच्या किंवा स्थूल बायकांचं प्रमाण २००८ मध्ये ३० टक्के होतं, २०१४ मध्ये ४०. पाळी गेल्यानंतर अंगावरची चरबीच इस्ट्रोजेन बनवत राहते, म्हणून त्या वयातला लठ्ठपणा धोका वाढवतो. पाळी चालू असताना उलट थोडा कमी करतो, हे ऐकून शिबिरातल्या बायका खूश होतात. त्यांना पाळी गेल्यानंतरचं वाक्यही ऐकवावं लागतं.

दारूचं नाव घेतलं की सगळे अक्पेतेशी (इथली गावठी दारू) पिणाऱ्या बाप्यांकडे बोट दाखवतात. पण शहरातल्या बायकाही पितात, आणि या कर्करोगात रोजचा एखादा ग्लाससुद्धा मोजला जातो.

केस सरळ करण्याच्या मलमाचं, म्हणजे रिलॅक्सरचं, प्रकरण मोठं आहे, त्यावर प्रतिसादात लिहिते. आता ऑफिसची गाडी आली.

---

सदाफुली

वाचतेय. रिलॅक्सरचं लवकर लिही गं. मी दर सहा महिन्यांनी केराटिन करून घेते आणि आता पोटात गोळा आलाय.

---

तर्कटराव

लेख चांगला, पण एक शंका. 'आफ्रिकेत तरुण बायकांना होतो' हे वाक्य सगळीकडे वाचतो. घानाचं मध्यम वय २१ च्या आसपास आहे. देशात म्हाताऱ्या बायकाच कमी असतील तर दवाखान्यात तरुणच दिसणार! यातला लोकसंख्येचा भाग किती आणि आजाराचा किती?

---

मोहरी

तर्कटराव, रास्त शंका. रुग्णांचं सरासरी वय इथे पन्नाशीच्या अलीकडे आहे, अमेरिकेत साठीच्या पलीकडे. यातला बराच भाग तुम्ही म्हणता तसा लोकसंख्येचाच आहे. चाळिशीतल्या घानातल्या बाईला चाळिशीतल्या अमेरिकन बाईपेक्षा जास्त धोका आहे असं नाही.

पण सगळाच भाग तेवढा नाही. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. बाळंतपणाने मिळणारं संरक्षण लगेच लागू होत नाही. जवळपास नऊ लाख स्त्रियांच्या एकत्रित माहितीवरून २०१९ मध्ये दिसलं की बाळंतपणानंतर काही वर्षं धोका उलट वाढतो, साधारण पाचव्या वर्षी सर्वांत जास्त असतो आणि वीसेक वर्षांनी तो खाली येऊन मग संरक्षण सुरू होतं. चाळिशीपर्यंत बाळंतपणं चालू असतील, तर ऐन तारुण्याची बरीच वर्षं या चढत्या काळात जातात. त्या वयात कर्करोग मुळात दुर्मीळ, म्हणून हा वाढीव धोकाही लहानच. पण लाखो बायकांचा हिशेब केला की दिसतो.

सदाफुली, आता तुझं. इथे केस सरळ करण्याला 'पर्म' म्हणतात. सरकारी शाळेत मुलींना केस अगदी बारीक कापावे लागतात, मुलांसारखे. बारावीइतकं शिक्षण संपलं की पहिलं काम म्हणजे केस वाढवणं आणि पर्म करणं. मग दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी आलेल्या नव्या केसांना पुन्हा लावायचं, आणि हे वर्षानुवर्षं. डबा उघडला की नाकात झणका जातो. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडाच की. टाळू चुरचुरते, कधी फोड येतात, आणि त्या सोललेल्या जागेतून मलमातलं बाकीचं काय काय आत जातं हा खरा प्रश्न.

अक्रा आणि कुमासीत 'घाना ब्रेस्ट हेल्थ स्टडी' झाला. त्यात ११३१ रुग्ण आणि २१०६ निरोगी स्त्रिया होत्या. २०१८ साली त्यातून आलं की रिलॅक्सर वापरलेल्यांमध्ये स्तनाचा कर्करोग असण्याची शक्यता न वापरलेल्यांच्या सुमारे दीडपट होती. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात गोरं करणाऱ्या क्रीमांशी संबंध दिसला नाही. (ती क्रीमं इतर कारणांसाठी वाईटच. पारा, स्टिरॉइड, काय काय असतं त्यात.)

---

सदाफुली

दीडपट?! मी पार्लरचं पॅकेज रद्द करते.

---

तर्कटराव

थांबा हो ताई. रिलॅक्सर कोण वापरतं? शहरातली, पगार असलेली, कमी मुलं असलेली बाई. तिला धोका आधीच जास्त. दोष मलमाचा की शहराचा?

---

मोहरी

त्यांनी मुलं, शिक्षण वगैरे हिशेबात धरलं होतं. तरीही अशा पाहणीत थोडं उरतंच. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या मोठ्या, दीर्घकालीन अभ्यासात एकूणात ठळक संबंध दिसला नाही. फक्त लायवाले (कॉस्टिक सोड्याचे) रिलॅक्सर वर्षानुवर्षं आणि वारंवार वापरणाऱ्यांत एका प्रकारच्या कर्करोगात वाढ दिसली. म्हणून मी शिबिरात 'रिलॅक्सरने कॅन्सर होतो' असं म्हणत नाही. 'टाळू सोलली असेल तेव्हा लावू नका, आणि दोन वेळांमधलं अंतर वाढवा' एवढंच सांगते. सदाफुली, तुझं केराटिन वेगळं. त्यात मुख्य काळजी फॉर्मल्डिहाइडच्या वाफेची. खोली हवेशीर हवी, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला हवं. पण या अभ्यासातला आकडा उचलून त्याला लावू नकोस.

---

खडूस_काका

हे सगळं पाश्चात्त्यांचं अनुकरण. घट्ट अंतर्वस्त्रं, प्लास्टिकचे डबे, फ्रीजमधलं अन्न. आमच्या आज्यांना झाला होता का कधी?

---

मोहरी

काका, अंतर्वस्त्रांचा काही संबंध नाही. तपासून झालंय. पण तुमच्या प्रतिसादावरून आठवलं. मकोला बाजारातल्या बायका सेडीच्या नोटा आणि मोबाइल छातीशी खोचतात आणि 'नोटांनी कॅन्सर होतो' ही समजूत इथे घरोघर आहे. शिबिरात नर्स विचारते, "कोणाकोणाकडे आत्ता आत पैसे आहेत?" सगळ्या हसत हात वर करतात. मग ती सांगते, "असू देत तिथेच, चोरापासून सुरक्षित आहेत. गाठ आहे का तेवढं बघू." आपल्याकडेही भाजीवाल्या मावशी ब्लाउजमधूनच सुटे काढून देतात, त्यामुळे मला ही भीती ऐकून नवल वाटलं नाही. असल्या अफवांचा तोटा एवढाच की बाई नोटा पर्समध्ये ठेवायला लागते आणि निर्धास्त होते.

---

व्यवस्थापक

आज्यांवरून सुरू झालेले चार प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

---

डॉ_गुलमोहर

धागा आवडला. पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. मोहरीताईंनी कोणाला होतो ते लिहिलं. कुठल्या प्रकारचा होतो हेही तितकंच महत्त्वाचं आहे, म्हणून थोडी भर.

स्तनाच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला की तीन गोष्टी बघतो: इस्ट्रोजेनचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची हार्मोन पकडणारी जागा), प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन. तिन्ही नसले की ट्रिपल निगेटिव्ह. यात हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, हर-टूवरचं औषध चालत नाही, मुख्य भिस्त केमोवर. वाढतोही भराभर. मिशिगन विद्यापीठ आणि कुमासीचं कोम्फो अनोक्ये रुग्णालय यांच्या भागीदारीतल्या एका तुलनेत ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण असं निघालं: घाना ५३ टक्के, अमेरिकेतल्या काळ्या स्त्रिया ३० टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेतल्या गोऱ्या १५-१६ टक्के. आणि इथिओपिया? १५ टक्के. 'आफ्रिकन स्त्री' म्हणून एकच कोणी नाही, हे या एका ओळीवरून कळावं. अटलांटिक पार केलेले गुलाम बहुतांशी पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरून नेले गेले, त्यामुळे घाना आणि अमेरिकेतला दुवा दिसतो. इथिओपिया पूर्वेला.

लिसा न्यूमन या शल्यविशारद बाईंनी यावर बरीच वर्षं काम केलंय. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने डफी नावाच्या जनुकाकडे बोट दाखवलं. पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सगळ्यांच्या लाल पेशींवर डफी प्रथिन नसतं, त्यामुळे व्हायव्हॅक्स मलेरियाचा जंतू पेशीत शिरू शकत नाही. हेच प्रथिन दाह आणि प्रतिकारशक्तीच्या कामातही असतं. ते नसण्याचा ट्रिपल निगेटिव्हशी संबंध दिसतो. कसा, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक कटकट. त्याच भागीदारीतल्या २०१० च्या अभ्यासात घानाचा आकडा ८२ टक्के होता.

---

तर्कटराव

८२ वरून ५३? पाच-सहा वर्षांत जनुकं बदलली का?

---

डॉ_गुलमोहर

नाही. पहिल्या वेळी घानाचे नमुने फक्त ७५ होते. आणि दुसरं कारण फॉर्मॅलिनचं, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाचं. गाठ काढल्यावर ती ताबडतोब पुरेशा, ताज्या फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी. मोठी असेल तर आधी चिरून. शस्त्रक्रियागृहात टेबलावर तासभर पडून राहिली, किंवा एवढाल्या गाठीला चिमूटभर बाटली दिली, की आतल्या भागापर्यंत द्रव पोचत नाही आणि तिथले ग्राहक नष्ट होतात. मग तपासणीचा रंग चढत नाही आणि आम्ही लिहितो 'निगेटिव्ह'. ट्रिपल निगेटिव्ह हे तीन 'नाहीं'चं निदान असल्यामुळे प्रत्येक निष्काळजीपणा त्याच बाजूला झुकतो. नमुने नीट हाताळल्यावर आकडा उतरतो, पण तरी गोऱ्या स्त्रियांच्या तिप्पट राहतो.

हे फक्त तिकडचं समजू नका. आपल्या तालुक्याच्या गावाहून एस.टी.च्या पार्सलने सलाइनच्या बाटलीत तरंगत आलेली गाठ मी पाहिली आहे. बाईला हार्मोनची गोळी लागू पडणार की नाही हे त्या बाटलीत ठरतं. भारतातही ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास सापडतं, तेही गोऱ्या देशांच्या दुप्पट.

---

लेगोसकर

नायजेरियातून. आमच्याकडचा जनुकांचा एक अभ्यास इथे नोंदवण्यासारखा आहे. इबादानच्या परिसरातल्या ११३६ रुग्ण स्त्रियांची तपासणी झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. १४.७ टक्के जणींत वारशाने आलेला दोष सापडला. बीआरसीए-१ या जनुकाचा ७ टक्के आणि बीआरसीए-२ चा ४ टक्के. म्हणजे दर सात रुग्णांत एक. मूळच्या नायजेरियन, शिकागोत काम करणाऱ्या डॉ. ओलुफुन्मिलायो ओलोपाडे यांचा गट यामागे होता.

आणि जगण्याचं म्हणाल, तर २०१४ ते २०१७ मध्ये निदान झालेल्या पाच आफ्रिकी देशांतल्या बायकांचा पाठपुरावा झाला. घाना त्यात नव्हता. तीन वर्षांनंतर नायजेरियातल्या फक्त ३६ टक्के हयात होत्या. नामिबियातल्या काळ्या नसलेल्या बायका ९० टक्के. खंड तोच! आमच्या लेगोसच्या विमानात मुंबई-दिल्लीला उपचारांसाठी निघालेली कुटुंबं नेहमी दिसतात. ज्यांना परवडतं ती. दोष वारशाने येतो म्हणून बहिणीलाही तपासा, असं मात्र कोणी सांगितलेलं नसतं.

---

अबोली७

मी मेळघाटाकडे आरोग्यसेविका आहे. आम्ही 'अंतरा'चं तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन देतो. घानातही तेच देतात असं वाचलं. त्याने हा कॅन्सर होतो म्हणतात, बायका विचारतात. काय सांगू?

---

मोहरी

अबोली, इथेही इंजेक्शन आणि दंडात बसवायची कांडी, हेच जास्त चालतं. हार्मोन असलेल्या साधनांनी धोका थोडा वाढतो, हे लपवू नये. डेन्मार्कच्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात वाढ २० टक्के होती. 'वीस टक्के' ऐकायला भयंकर, पण त्यातल्या स्त्रिया पन्नाशीच्या आतल्या, त्यांना मुळात धोकाच कमी. प्रत्यक्षात वर्षाला सुमारे ७६९० बायकांमागे एक जास्तीची रुग्ण.

समोर काय ठेवायचं? घानात २०१७ च्या पाहणीत दर लाख जन्मांमागे ३१० माता दगावत होत्या. नको असलेलं पाचवं बाळंतपण टाळणारी सुई बंद करून कोणाचं भलं होणार? ज्या बाईला स्वतःला हा कर्करोग झालेला आहे तिला ही साधनं द्यायची नाहीत. ज्यांच्या आई-बहिणीला कमी वयात झालाय, त्यांना आधी डॉक्टरकडे पाठव. बाकीच्यांना निर्धास्तपणे दे.

---

सदाफुली

पण मग मरतात का एवढ्या? सगळा दोष ट्रिपल निगेटिव्हचा?

---

मोहरी

नाही गं. निम्म्याहून जास्त बायका तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात. गाठ हाताला लागल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत महिनेच्या महिने जातात. दुखत नाही म्हणून आधी थांबतात. मग जडीबुटीचा लेप. मग प्रार्थना शिबिर, तिथे मुक्काम आणि उपास. मधल्या काळात नवऱ्याला सांगायचं की नाही यावर बहिणींच्या बैठका, कारण 'स्तन काढतात आणि मग नवरा सोडतो' हे प्रत्येकीने ऐकलेलं असतं. कोणी काढून घेतला आणि वर्षभरात गेली, की गावात निष्कर्ष निघतो: कापलं म्हणून मेली. उशिरा आली म्हणून मेली, हे दिसत नाही.

आणि दारात पोचल्यावर? एनएचआयएस हा सरकारी विमा आहे आणि त्यात या कर्करोगाचे उपचार बसतात. पण डॉ. गुलमोहर म्हणतात ती तीन ग्राहकांची तपासणी बरेचदा खिशातून करावी लागते. रेडिएशनची यंत्रं अक्रा आणि कुमासीत. उत्तरेकडच्या तामालेची बाई ते संपेपर्यंत कित्येक आठवडे कुमासीत कोणाकडे राहणार? शेंगदाण्याचा गाळा कोण बघणार? दोन केमो घेऊन गावी गेलेल्या बऱ्याच जणी परत येत नाहीत. हा 'धोक्याचा घटक' कुठल्याच तक्त्यात नसतो, पण माझ्या मते पहिल्या क्रमांकावर तोच आहे.

कुमासीच्या डॉ. बिएट्रिस विआफे अड्डाई यांचं काम बघण्यासारखं आहे. त्यांची संस्था खेड्यापाड्यांत, चर्चमध्ये, बाजारात जाते आणि बरोबर बऱ्या झालेल्या बायकांना नेते. पंधरा वर्षांपूर्वी स्तन काढलेली धडधाकट बाई समोर नाचताना दिसली, की 'कापलं म्हणून मेली' आपोआप गळतं.

---

तर्कटराव

मॅमोग्राफी का करत नाहीत सरसकट?

---

डॉ_गुलमोहर

यंत्र, ते चालवणारा, फिल्म वाचणारा, बायोप्सी करणारा, सगळंच अपुरं. शिवाय तरुण स्तन दाट असतात, त्यात मॅमोग्राफीला कमी दिसतं. इथे मुंबईचा अनुभव कामाचा आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. २०२१ साली निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र फरक सिद्ध झाला नाही.

---

तर्कटराव

आणि घानातल्या रुग्ण तर पन्नाशीच्या आतल्याच जास्त.

---

डॉ_गुलमोहर

हो, तीच अडचण आहे. म्हणून त्या वयात निरोगी बायकांना रांगेत उभं करण्यापेक्षा जिला गाठ लागली आहे तिला लवकर उत्तर देणं जास्त फायद्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तेच धरलं: रोगाचं निदान ६० दिवसांत व्हावं, ६० टक्के रुग्ण पहिल्या दोन टप्प्यांत सापडावेत आणि ८० टक्क्यांचे उपचार पूर्ण व्हावेत. बायोप्सीचा रिपोर्ट दोन आठवड्यांत देणारी एक चांगली लॅब पाच मॅमोग्राफी यंत्रांपेक्षा जास्त जीव वाचवेल. मी पॅथॉलॉजिस्ट असल्याने माझं मत थोडं पक्षपाती समजा.

---

अबोली७

आम्ही गाठ कशी ओळखायची सांगतो, पण नंतर कुठे जायचं ते सांगता येत नाही. जिल्ह्याच्या गावाला दोन एस.टी. बदलून जावं लागतं.

---

मोहरी

म्हणूनच इथे आता शिबिराआधी बायोप्सी करणारा डॉक्टर आणि तारीख ठरवतात, मग माइक हातात घेतात. नुसतं 'तपासून घ्या' सांगून आलो की दुसऱ्या वर्षी बायका येतच नाहीत.

ऑक्टोबरातलं शिबिर टेमाच्या बाजूला आहे. मराठी मंडळींपैकी कोणाला थोडीफार त्वी (इथली भाषा) येत असेल आणि नोंदी घेता येत असतील, तर विपू (विचारपूस) करा. डॉक्टर असण्याची गरज नाही. गाडी असेल तर फारच उत्तम, नमुने त्याच दिवशी लॅबला पोचवायचे असतात.

---

डॉ_गुलमोहर

आणि बाटल्या मोठ्या तोंडाच्या घ्या. फॉर्मॅलिन गाठीच्या दहापट तरी हवं.

---

मोहरी

यादीत लिहिलं. लेगोसकर, तुमची विपू मिळाली, संध्याकाळी उत्तर देते.